दाढेतील सिमेंटची परीक्षा

मृगाचा पाऊस येण्यापूर्वी मानोऱ्याकडचे शेतकरी शेताचे बांध नीट करतात. बांध कच्चा राहिला, तर जोराच्या पावसात त्याची माती वाहून जाते. आपल्या तोंडातही कधी कधी असा छोटासा बांध घालावा लागतो. तो म्हणजे किडलेल्या दाढेत डॉक्टरांनी भरलेले सिमेंट.

दाढ किडली की तिला खड्डा पडतो. डॉक्टर किडलेला भाग काढून टाकतात आणि खड्डा सिमेंटने बुजवतात. हे घर बांधण्याचे सिमेंट नव्हे. विशिष्ट भुकटी आणि द्रव कालवून ते तयार करतात. काही मिनिटांतच ते घट्ट होते. पण तोंडात लाळ सतत पाझरत असते. खाणेपिणेही रोज चालू असते. सिमेंट हळूहळू झिजून गेले, तर खड्डा उघडा पडतो, पुन्हा कीड लागते आणि दाढ ठणकू लागते. म्हणून कोणते सिमेंट अधिक टिकेल, हे आधीच तपासावे लागते.

पूर्वी सिमेंटची चकती एक दिवस शुद्ध पाण्यात ठेवत आणि किती सिमेंट विरघळले ते मोजत. या परीक्षेत झिंक फॉस्फेट हे जुने सिमेंट चांगले ठरे. १९७० च्या सुमारास लंडनमध्ये ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट या शास्त्रज्ञांनी ग्लास आयनोमर हे नवे सिमेंट शोधले. पाण्याच्या परीक्षेत ते मागे पडले. पण रुग्णांच्या तोंडात मात्र तेच जास्त टिकलेले दिसले! असे का झाले?

कारण तोंडात नुसते पाणी नसते. दातांना चिकटलेल्या साखरेपासून जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात. दही आंबट होते तेही याच आम्लामुळे. पाण्यात टिकणारी वस्तू आम्लात टिकेलच असे नाही. तुम्हीही हे पाहू शकता. अंड्याच्या टरफलाचा एक तुकडा पाण्यात व दुसरा लिंबाच्या रसात ठेवा. पाण्यातला तुकडा तसाच राहतो. रसातल्या तुकड्यावर बुडबुडे येतात आणि तो झिजू लागतो.

म्हणून शास्त्रज्ञांनी परीक्षाच बदलली. आंतरराष्ट्रीय नियमानुसार ५ मिलिमीटर रुंद व २ मिलिमीटर खोल अशा गोल खळग्यात सिमेंट भरतात. ते शरीराइतक्या उबेत, म्हणजे ३७ अंश सेल्सिअसला, एक दिवस ठेवतात. मग ते २४ तास लॅक्टिक आम्लाच्या द्रावणात बुडवतात. शेवटी पृष्ठभाग किती खोल झिजला ते मोजतात. ग्लास आयनोमरची झीज ०.१७ मिलिमीटरपेक्षा जास्त झाली, तर ते नापास!

मात्र पास झालेले सिमेंटही ताजे असताना ओलाव्याने बिघडते. म्हणूनच ते भरताना डॉक्टर गालात कापूस ठेवून दाढ कोरडी ठेवतात. तेव्हा कापूस जिभेने हलवू नका. डॉक्टर सांगतील तितका वेळ काही खाऊ नका. एरवीही ईदचा शिरखुर्मा असो की दिवाळीचा लाडू, गोड खाल्ल्यावर चूळ भरा. ब्रश किंवा मिसवाकने दात रोज घासा. साखर दातांवर राहिली नाही, तर आम्ल कमी तयार होईल आणि दाढेतले सिमेंट पुष्कळ दिवस टिकेल.