केसांतील कापडी फूल

भिलाई हे नाव उच्चारताच डोळ्यांपुढे उभी राहते ती झोतभट्टी आणि तीतून वाहणारा तप्त लोहरस. १९५५ साली ह्या पोलाद कारखान्यासाठी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला, तेव्हा भिलाईचा हा दुर्ग जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. १९५९ च्या फेब्रुवारीत पहिली भट्टी सुरू झाली. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून माणसे येथे आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. हळदीकुंकू, चैत्रगौर आणि अंबाड्यावर वेणी माळण्याची हौस त्यांच्याबरोबरच आली. परंतु छत्तीसगडचा उन्हाळा मोठा कडक. सकाळी माळलेला मोगरा दुपारपर्यंत तांबूस पडून मान टाकतो. अशा हवेत न सुकणाऱ्या फुलाची आवड निर्माण व्हावी, यात नवल नाही.

हे फूल नमद्याचे, म्हणजेच फेल्टचे, किंवा साटिनसारख्या कापडाचे करतात. दोहोंचा स्वभाव मात्र अगदी भिन्न आहे. नमदा विणलेला नसतो. लोकरीच्या तंतूंवर सूक्ष्म खवले असतात. पाणी, ऊब व घर्षण यांच्या योगाने ते एकमेकांत गुंततात आणि सारी लोकर एकजीव होते. त्यात उभे-आडवे सूत नसल्यामुळे कात्रीने कापलेली कड उसवत नाही. मराठीतील बुरणूस हा याच जातीचा. साटिनचे तसे नाही. ते सुतांनी विणलेले असते. कापले की कडेचे धागे सुटू लागतात. म्हणून शहाणी कारागीर साटिन उरेब कापते. तिरक्या कडेचे धागे सहजासहजी निघत नाहीत.

फुलाची रचना साधी आहे. आठ, साडेसहा व पाच सेंटिमीटर व्यासाच्या तीन चकत्या घ्याव्यात. प्रत्येकीला कडेकडून मध्याकडे पाच काप द्यावेत. मध्याचा एक तृतीयांश भाग मात्र अखंड ठेवावा. काप फार खोल गेला तर पाकळी लोंबते, उथळ राहिला तर ती उमलत नाही. मग पाकळ्यांचे कोपरे गोल करून मोठ्या चकतीवर लहान चकती रचावी. परंतु वरची पाकळी खालच्या दोन पाकळ्यांच्या फटीवर यावी. निसर्गातील अनेक फुलांत पाकळ्यांची मांडणी अशीच असते. मध्यभागी बारीक टाके घालून दोरा किंचित ओढला की पाकळ्या वर उचलल्या जातात. शेवटी मागे नमद्याची चकती शिवून तिला दोन चिरा द्याव्यात आणि त्यांतून केसांचा चाप ओवावा. केवळ डिंकाने चिकटवलेला चाप घामाने सुटतो, शिवलेला टिकतो.

साटिनची पाकळी वळवण्यासाठी पुष्कळजणी मेणबत्ती वापरतात. येथे कापडाची पारख हवी. पॉलिएस्टर उष्णतेने वितळते, कड आक्रसते व पाकळी वाटीसारखी वळते. सुती कापड वितळत नाही, ते पेटते. त्याला खळ देऊनच आकार द्यावा लागतो. म्हणून आधी लहानसा तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहावा. सुताची राख होते, पॉलिएस्टरचा कठीण मणी होतो, लोकरीला जळक्या केसांचा वास येतो. कापड ज्योतीत न घालता तिच्या बाजूस धरावे, जवळ पाणी असावे आणि पदर खोचलेला असावा. वितळलेले पॉलिएस्टर कातडीला चिकटून खोलवर भाजते.

टिकाऊपणाचाही विचार केला पाहिजे. अस्सल लोकरीला कसर लागते. पावसाळ्यानंतर ऊन दाखवून फुले कोरड्या डब्यात ठेवावीत. बाजारातील स्वस्त फेल्ट बहुधा कृत्रिम तंतूचे असते. त्याला कसर लागत नाही, पण घासून त्यावर लवकर गोळे येतात. विकण्यासाठी फुले करणाऱ्या गृहिणीने गिऱ्हाइकाला हा फरक सांगावा. किंमत ठरवताना कापडाबरोबर आपल्या टाक्यांचा वेळही मोजावा. शिंप्याकडील कतरणे फुकट मिळतात, हातांचे तास फुकट नसतात.

ताज्या फुलाला आणखी एक बंधन होते आणि ते हवामानाचे नव्हते. रूढीने फूल हे सौभाग्याचे लेणे मानले आणि पती गेलेल्या स्त्रीच्या केसांतून ते काढून घेतले. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे अशा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि महाराष्ट्र शासनाने तो इतर गावांपुढे आदर्श म्हणून ठेवला. ठरावाने रूढी एका दिवसात मावळत नाही. घरातल्या माणसांनी आधी हात पुढे करावा लागतो. कापडी फुलाला पूजेचा मान नाही, सोवळेओवळे नाही. नातीने आपल्या हाताने शिवलेले असे फूल आजीच्या केसांत खोवले, तर ते नाकारणे आजीला कठीण जाते. टाचणीएवढ्या टाक्यांनी जोडलेल्या ह्या वस्तूचे मोल तिच्या किमतीपेक्षा अधिक ठरते, ते अशा घरांत.