कावळा हरला पाहिजे!

पटावर चार झाडं. एकाला सफरचंदं, एकाला पेअर, एकाला चेरी, एकाला आलुबुखार. प्रत्येकी दहा, म्हणजे एकूण चाळीस लाकडी फळं. फासा टाकायचा, पडेल त्या रंगाचं फळ तोडून टोपलीत ठेवायचं. फाशावर टोपली आली तर आवडीची दोन फळं! पण कावळा आला, तर नऊ तुकड्यांच्या चित्रातला एक तुकडा जागेवर बसतो. नऊही तुकडे जोडले गेले की कावळा पुरा झाला, बाग त्याची. त्याआधी झाडं रिकामी झाली तर खेळणारे सगळेच जिंकले.

हा खेळ जर्मनीतला, नाव ‘ओब्स्टगार्टन’, म्हणजे फळबाग. आनेलीझे फार्काशोव्स्की यांनी तो रचला आणि बव्हेरियातल्या बाड रोडाख या छोट्या गावच्या हाबा कंपनीनं १९८६ साली बाजारात आणला. जर्मन पटावरचा पक्षी खरं तर डोमकावळा आहे. पण चिऊ-काऊच्या गोष्टीवर वाढलेल्या मराठी मुलाला त्याची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. काऊ आला म्हणजे काहीतरी पळवणार, हे त्याला आधीपासून ठाऊक असतं.

तीन-चार वर्षांच्या मुलासाठी सहकारी खेळ निवडायचा असेल तर आधी दोन गोष्टी बघा. एक, समोरचा गडी कोण आहे? दोन, तो खरोखर जिंकू शकतो का? कावळ्याला जिंकताच येत नसेल तर त्या खेळात राम नाही. मुलं हे आपल्याआधी ओळखतात.

भरलेलं झाड आधी

फळबाग हा निव्वळ नशिबाचा खेळ वाटतो, पण तसा तो नाही. फाशावर टोपली आली की दोन फळं कुठून घ्यायची हे मुलानं ठरवायचं असतं, आणि तिथेच खेळाची खरी मेख आहे. ज्या झाडावर सगळ्यात जास्त फळं उरली असतील तिथून घेतली, तर तीन डावांपैकी साधारण दोन डाव मुलं जिंकतात. उलट, रिकामं होत आलेलं झाड आधी संपवायचा नाद धरला, तर जिंकण्याचं प्रमाण निम्म्याच्या जरा वर येऊन थांबतं. कारण सोपं आहे. एखादं झाड लवकर संपलं की पुढे तो रंग पडला तरी फासा फुकट जातो आणि कावळ्याला तेवढा वेळ मिळतो.

हे मुलाला समजावून सांगू नका. काही डाव होऊ द्या. ‘लाल पडलं, पण लाल तर संपलं!’ अशी हळहळ दोन-चार वेळा झाली की बहुतेक मुलं आपणहून भरलेल्या झाडाकडे हात नेतात. संभाव्यतेचा इतका गोड पहिला धडा मला दुसरीकडे कुठे दिसलेला नाही.

याच खेळाची आणखी लहानांसाठीची आवृत्ती २००९ साली आली. दोन वर्षांपासूनच्या मुलांसाठी. त्यात सोळाच फळं, तीही मुठीत बसतील एवढी जाड. कावळा तुकड्यांचा नाही, तर लाकडी, वाटेवरून एकेक पाऊल बागेकडे येणारा. हा बदल फार विचारपूर्वक केलेला आहे. अर्धवट चित्र पुरं होत आलंय म्हणजे संकट जवळ आलंय, हे दोन वर्षांच्या मुलाला समजत नाही. पण कावळा चालत येताना दिसला की ते ओरडतंच.

बोका, उंदीर आणि खाऊ

फळबागेच्या कितीतरी आधी, १९७२ साली, कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात पर्थ गावाजवळ जिम आणि रूथ डीकोव्ह या दांपत्यानं ‘फॅमिली पास्टाइम्स’ नावाचा घरगुती उद्योग सुरू केला. घरच्या लेकींना एकमेकींशी न भांडता खेळता येईल असं काहीतरी हवं होतं, तिथून त्याची सुरुवात. पुढे जिम यांनी शंभराहून जास्त खेळ रचले, आणि त्या सगळ्यांत अट एकच : खेळणाऱ्यांनी एकमेकांना हरवायचं नाही.

त्यातला ‘मॅक्स’ हा बोका माझा विशेष लाडका. पक्षी, उंदीर आणि खार यांना घरी पोचायचंय, आणि मॅक्स मागावर आहे. दोन फासे टाकायचे. हिरवा ठिपका आला तर प्राणी पुढे सरकतो, काळा आला तर मॅक्स. बोका फार जवळ आला तर त्याला खाऊ दाखवून परत ओसरीवर बोलावता येतं. पण खाऊ मोजकाच आहे! तो आत्ताच वापरायचा की पुढच्या पाळीसाठी राखायचा, यावर चार वर्षांची मुलं जी चर्चा करतात ती ऐकण्यासारखी असते. कुणी म्हणतं, उंदराला सोडून देऊ आणि पक्ष्याला वाचवू. दुसरं लगेच उंदराची बाजू घेतं. बोका मात्र खलनायक नाही. त्याला भूक लागलीय, एवढंच. शत्रू असावा तर असा, ज्याचा राग येत नाही पण ज्याला चुकवायलाच लागतं.

खेळ संपल्यावरही

१९९४ साली ‘जर्नल ऑफ अप्लाइड बिहेविअर अ‍ॅनालिसिस’ या नियतकालिकात बे-हिनिट्झ, पीटरसन आणि क्विलिच यांचा एक अभ्यास छापून आला. चार बालवाड्यांतली चार-पाच वर्षांची सत्तर मुलं. काही दिवस त्यांना सहकारी खेळ दिले, काही दिवस स्पर्धेचे. सहकारी खेळांच्या काळात मारामारी, ओढाताण कमी झाली आणि मिळून वागणं वाढलं. स्पर्धेच्या खेळांच्या काळात नेमकं उलटं झालं. महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. हा फरक खेळापुरता राहिला नाही. नंतर मुलांना मोकळं खेळायला सोडलं तेव्हाही तो दिसला.

याचा अर्थ घरातली लुडो माळ्यावर टाका असा मुळीच नाही. हरणं पचवायला शिकायचंच आहे, फक्त चौथ्या वर्षीच शिकायला हवं असं नाही.

डब्यावर काय बघाल?

वाचावं लागत नाही ना, हे पहिलं. लहानांचे चांगले सहकारी खेळ रंगांवर आणि चित्रांवर चालतात, म्हणून ते कुठल्याही भाषेत खेळता येतात. परदेशात वाढणाऱ्या नातवंडांसोबत आजी-आजोबांना मराठीतून खेळायला याहून सोपं काही नाही. डबा जर्मन असला तरी बागेतला आरडाओरडा मराठीत होतो.

वेळ पंधरा-वीस मिनिटांच्या वर नको. तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर सोंगट्यांचा आकार नीट पाहा, कारण फळबागेच्या मोठ्या आवृत्तीतली चेरी तोंडात जाण्याएवढी असते. भारतात विकायच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. तेही तपासा.

पत्ते हातात लपवून धरावे लागत असतील तर पाच वर्षांखाली तो खेळ टाळा. इवल्या हातात पंखा धरवत नाही, आणि मदत करायची तर मोठ्यांना पत्ते बघावेच लागतात.

सूर्य, डुकरं आणि कोल्हा

कावळ्याचे भाऊबंद पुष्कळ आहेत. ‘हूट आऊल हूट’ या अमेरिकन खेळात शत्रू आहे सूर्य. उजाडायच्या आत घुबडांची पिल्लं घरट्यात पोचली पाहिजेत. पत्ते सगळ्यांचे उघडे असतात. पत्त्याचा जो रंग, त्या रंगाच्या पुढच्या मोकळ्या घरात पिल्लू उडतं, आणि वाटेतल्या घरात आधीच कुणी बसलं असेल तर त्याला ओलांडून आणखी पुढे जातं. म्हणजे एका पिल्लाला मुद्दाम थांबवून ठेवलं तर दुसऱ्याला लांब झेप घेता येते! हे मुलांच्या लक्षात येतं तो क्षण बघायलाच हवा. आधी तीन पिल्लं घेऊन खेळा, सोपं वाटू लागलं की सहा घ्या. हा खेळ सुझन मॅकिन्ली रॉस यांचा. त्यांच्याच ‘क्वर्कल’ला २०११ साली जर्मनीचा ‘श्पील देस यारेस’, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा मान मिळाला.

‘बिझीटाऊन’मध्ये शत्रू आहेत भुकेली डुकरं. आपण बेटावर पोचायच्या आत ती सहलीचा फराळ फस्त करत सुटतात. पट तब्बल सहा फूट लांब! रिचर्ड स्कॅरी यांच्या गजबजलेल्या चित्रांतून वाळूचं घड्याळ रिकामं होण्याआधी वस्तू शोधायच्या, आणि जितक्या सापडतील तितकी घरं सगळ्यांनीच पुढे जायचं. यात धाकट्याची नजर पुष्कळदा थोरल्यापेक्षा तेज निघते. लिंबूटिंबू म्हणून कुणाला बाजूला बसवावं लागत नाही. फक्त बैठकीत सतरंजी अंथरायला जागा हवी.

पाच वर्षांनंतर ‘आऊटफॉक्स्ड’ घ्या. ‘पाय’ नावाचा खाण्याचा पदार्थ चोरून कोल्हा पळतोय. सोळा संशयितांपैकी चोर कोण, हे पुराव्यांवरून शोधायचं. छोट्या यंत्रात पुरावा घालून खिडकी सरकवली की चोराकडे ती वस्तू आहे की नाही ते कळतं. ‘चष्मा नाही, म्हणजे चष्मेवाले सगळे सुटले’ हा तर्क मूल स्वतः करतं.

सहा वर्षांनंतर ‘नोम्स अ‍ॅट नाइट’. उभा चक्रव्यूह, दोन बाजूंना दोन खेळाडू, मधे लोहचुंबक. दोघांची सोंगटी एकत्र हलते, पण भिंती दोघांना वेगळ्या दिसतात. बोलल्याशिवाय एक पाऊलही पडत नाही. भावंडांसाठी याहून चांगली भेट मला सुचत नाही.

एकाचीच दादागिरी

सहकारी खेळाचा मोठा दोष एकच, आणि तो बहुतेक वेळा आपल्यामुळेच येतो. घरातलं मोठं माणूस सगळ्यांच्या चाली सांगू लागतं. ‘अगं, ते नको, हे उचल.’ मग खेळ बाबांचा, आणि हात तेवढे मुलांचे. साथीच्या रोगांवरचा ‘पँडेमिक’ (२००८) हा मोठ्यांचा गाजलेला सहकारी खेळ रचणारे मॅट लीकॉक यांचे चाहतेसुद्धा या दोषाबद्दल वर्षानुवर्षं बोलत आलेत.

यावर उपाय साधा आहे. सल्ला सगळ्यांनी द्यावा, पण ज्याची पाळी त्याचाच शब्द शेवटचा. मुलानं चुकीचं पिल्लू हलवलं आणि सूर्य उगवला, तर उगवू द्या. मुलं लगेच ‘पुन्हा’ म्हणतात. हरल्यावर एकटं पडायला होत नाही, म्हणून पुन्हा खेळायची हिंमत टिकते.

निळा शिक्का

जर्मनीत मुलांच्या खेळांना वेगळा पुरस्कार २००१ पासून आहे. डब्यावर निळं चिन्ह दिसलं की तो ओळखावा. सहकारी खेळांनी तो अनेकदा पटकावलाय. २०१४ साली ब्रायन यू यांचा भुताटकीच्या वाड्यातून आठ रत्नं बाहेर काढायचा खेळ, २०२२ साली उतारावरून गोट्या सोडून जादूगाराच्या शिष्यांना चेटकिणींच्या आधी खाली आणायचा ‘त्साउबरबेर्ग’, २०२३ साली ‘मिस्टेरियम किड्स’. या शेवटच्यात बोलायला बंदी. हातात डफासारखं वाद्य घेऊन पत्त्यावरचं चित्र नुसत्या आवाजातून सांगायचं. पाऊस कसा वाजवाल? घोडा सोपा आहे. घुबड वाजवून दाखवा!

दिवे घालवा

वॉल्टर क्राऊल यांचा ‘वाल्डशाटनश्पील’ (१९८५) तर चक्क अंधारात खेळतात. पटावर लाकडी झाडं, मधे खरी पेटती पणतीएवढी मेणबत्ती. ती हलवायचं काम मोठ्या माणसाचं. मुलांचे बुटके झाडांच्या सावलीत लपतात आणि सावलीतून सावलीत सरकतात. उजेड अंगावर पडला की बुटका थिजला. दुसऱ्या बुटक्यानं येऊन सोडवेपर्यंत तो हलू शकत नाही. सगळे एकाच झाडाखाली जमले की जिंकले. मेणबत्ती सरकताना भिंतीवर जंगल चालू लागतं ते वेगळंच.

विकत काहीच घ्यायचं नसेल तर?

वाढदिवसाला संगीतखुर्ची ठरलेलीच. पहिल्याच फेरीत बाद झालेलं मूल उरलेला वेळ केकच्या टेबलाशी घुटमळत काढतं. टेरी ऑर्लिक यांनी १९७८ च्या आपल्या सहकारी खेळांच्या पुस्तकात त्यावर झकास तोड दिली : खुर्च्या कमी करा, मुलं कमी करू नका. गाणं थांबलं की सगळ्यांनी उरलेल्या खुर्च्यांवर मावायचं, मांडीवर, हातावर, कसंही. शेवटी एका खुर्चीभोवती अख्खी वानरसेना.

आणि घरात सापशिडी असेलच. तिच्यात आणखी एक काळी सोंगटी घाला. फासा टाकल्यावर सहा पडला तर कुणीच हलायचं नाही, काळी मात्र दहा घरं पुढे जाते. तिला साप चावत नाही, शिडीही मिळत नाही. बाकी कुठलाही आकडा पडला, तर कुणाची सोंगटी हलवायची हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं. आपल्या सगळ्या सोंगट्या काळीच्या आधी शंभरावर पोचल्या पाहिजेत. नेहमीच्या सापशिडीत ठरवायला काही नसतंच. इथे मात्र ‘तीन पडलेत, तुला साप आहे, मला शिडी आहे’ अशी मसलत सुरू होते. सुरुवातीला खेळणारे कितीही असले तरी सोंगट्या दोनच ठेवा. तीन घ्यायच्या असतील तर काळीला दहाऐवजी पाच घरं द्या, नाहीतर ती फार वेळा जिंकते.