पट भरतो, जमीन मात्र उसनी

वारंगा फाट्यावर तीन दिशांची वाहतूक एकमेकांत मिसळते. एक रस्ता उमरखेड-यवतमाळकडे जातो, दुसरा आखाडा बाळापूर-कळमनुरीवरून हिंगोलीला आणि तिसरा अर्धापूर-नांदेडकडे. नागपूर-तुळजापूर आणि अकोला-नांदेड हे दोन राष्ट्रीय महामार्ग इथंच भेटतात. ट्रकवाल्यांना घाई असते, एसटीवाल्यांना त्याहून जास्त. पण या मुलखाला वेगाचा नाद डांबरी रस्ता येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे आणि तो अजूनही शेतातच भागवला जातो. त्या नादाचं नाव शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत.

खरिपाचं सोयाबीन निघालं, तूर कापली गेली की मराठवाडा-विदर्भाच्या या पट्ट्यात पटाच्या जाहिराती लागतात. पटाला हेच दिवस का, याचं उत्तर मातीत आहे. इथली काळी कसदार जमीन पावसाळ्यात चाकाला चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते. बैलाचा खूर भेगेत अडकला तर पाय मोडायला क्षण पुरतो. म्हणून ओल आटलेली, पण भेगा न पडलेली जमीन मिळते तेवढ्याच काळात पट उरकायचा असतो.

पटाचं वाहन बघण्यासारखं असतं. कडबा किंवा खत वाहणाऱ्या बैलगाडीशी त्याचं नातं फक्त दोन चाकांपुरतं. छकडा जितका हलका करता येईल तितका केलेला असतो. साटीवर एका माणसापुरतीच जागा. जू मानेवर नीट बसलं पाहिजे, कासरा हातात मोकळा राहिला पाहिजे आणि धुरकऱ्याचं वजन कमी असलं पाहिजे. जोडी रेषेवर आणणं हेच निम्मं काम. एक बैल पुढे ओढत असतो, दुसरा मागे सरत असतो. दोघांची तोंडं एका रेषेत आली की निशाण पडतं आणि काही सेकंदांत सगळं संपतं. काही ठिकाणी दोन जोड्या शेजारी-शेजारी सुटतात, तर काही ठिकाणी एकेक जोडी घड्याळाविरुद्ध धावते आणि निकाल सेकंदाच्या अंशात लागतो.

या काही सेकंदांसाठी गाव महिनाभर आधीपासून कामाला लागतं. पावती पुस्तकं छापली जातात. कुणी रोख देतं, कुणी ट्रॅक्टर देतं, तर कुणी पाण्याचा टँकर किंवा जेवणाचा शिधा. बक्षिसं दात्यांच्या नावानं लागतात आणि जोडीमालक प्रवेश फी भरतात. हिशेब शेवटी चावडीवर वाचला जातो. संस्थेचा कागद नसला तरी कारभार संस्थेचाच.

एक गोष्ट मात्र या कारभारात बसत नाही: जमीन. ती कुणाच्या तरी शेताची असते, तोंडी बोलीवर मिळालेली. धावपट्टीसाठी शेत सपाट करून रोलर फिरवतात, त्यावर हजारो माणसं चालतात, गाड्या उभ्या राहतात. काळी माती दबली की पाणी मुरत नाही, मुळं खाली जात नाहीत. पुढच्या हंगामाआधी मालकाला खोल नांगरट करावी लागते. एखाद्या वर्षी त्यानं रब्बीचा हरभरा पेरला, पोरांनी वाटणी मागितली किंवा निवडणुकीत मनं फाटली, की पट दुसरं शेत शोधत फिरतो.

पुणे जिल्ह्यात चित्र वेगळं आहे. खेड, आंबेगाव, जुन्नरच्या बैलगाडा शर्यतींना ठरलेले ‘घाट’ आहेत. निमगाव दावडीच्या खंडोबाच्या घाटासारखी ठिकाणं यात्रेशी जोडलेली आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निकालानं शर्यती थांबल्या, त्या १६ डिसेंबर २०२१ च्या आदेशानंतर अटींसह पुन्हा सुरू झाल्या. मधल्या सात वर्षांत गाडे थांबले, पण घाट कुठे आहे हे कुणाला विचारावं लागलं नाही. १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं शर्यतींना मुभा देणारी महाराष्ट्राची कायदादुरुस्ती वैध ठरवली. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, धाव एक हजार मीटरपेक्षा जास्त नसावी लागते आणि बैलाला मारहाण, शेपटी पिरगाळणं, विजेचा झटका हे सगळं गुन्ह्यात मोडतं.

हाच जमिनीचा प्रश्न आता जीपच्या नव्या शौकिनांपुढेही आहे. १९४९ मध्ये महिंद्रानं मुंबईत जीप जोडायला सुरुवात केली आणि २०१० मध्ये ‘थार’ आणली. आज तालुक्याच्या गावातही अशा गाड्या दिसतात. त्या चिखलात, दगडांत चालवायची हौस आहे, पण चालवायच्या कुठे? वनजमिनीत घुसलं तर गुन्हा. नदीपात्रात उतरलं तर गावाचं पाणी गढूळ. गायरान मागावं, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या जगपालसिंग निकालानंतर गावाच्या सामाईक जमिनी इतर कामाला देण्याचे दरवाजे जवळपास बंद आहेत.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियानं यावर १९७१ मध्ये कायद्यानं तोड काढली. रस्त्याबाहेर चालणाऱ्या गाड्यांची नोंदणी फी आणि त्यांच्या इंधनावरच्या कराचा वाटा वेगळ्या निधीत जातो. १९७५ मध्ये हॉलिस्टर हिल्स हे अशा गाड्यांसाठी राखीव सरकारी क्षेत्र सुरू झालं. म्हणजे वर्गणीच, फक्त सरकारमार्फत गोळा केलेली.

आपल्याकडे तसा निधी नाही. मग चार जणांनी पैसे काढून जमीन घ्यावी म्हटलं तर कायदा वाचूनच पाऊल टाकावं लागतं. मराठवाड्यात अजून १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा लागू आहे. त्याच्या कलम ४७ मुळे शेतकरी नसलेल्याला, क्लबलाही, परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. एका शेतकरी मित्राच्या नावावर सातबारा करून भागवलं, तर कायद्याच्या नजरेत मालक तोच, आणि त्याच्यानंतर त्याचे वारस. वर्ग-२ ची किंवा इनामी जमीन असेल तर गुंता आणखी वाढतो.

त्यापेक्षा धोपट मार्ग बरा. किमान सात जणांनी १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवावी आणि धर्मादाय कार्यालयात विश्वस्त संस्था म्हणूनही तिची नोंद करावी. खरेदीआधी परवानगी काढून मुरमाड, पिकाला निरुपयोगी जमिनीचा लेखी, नोंदणीकृत भाडेपट्टा करावा. नांगरटीचा खर्च आणि जखमींचा विमा त्यातच लिहावा. मुरमाड जमीन स्वस्त मिळते आणि तिच्यात पाणीही साचत नाही. बैलांसाठी मात्र वर मातीचा थर द्यावा लागेल. जीपवाले आणि पटवाले एकत्र आले तर एकाच जागेचा खर्च दोन हंगामांत वाटला जाईल.

वर्गणीची शिस्त गावाकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेच. ती बक्षिसांवर आणि मंडपावर संपते, एवढंच. पुढच्या पटाचं पावती पुस्तक छापताना त्यात जमीन निधीचा एक रकाना वाढवा आणि त्याचा हिशेबही बाकीच्या हिशेबाबरोबर चावडीवरच वाचा.