मजुरी हाती आली, मालकी गेली
चित्रकथांच्या कारखान्यांपासून आपल्या धंद्याने काय शिकावे?

सूत व्यापाऱ्याचे, माग विणकराचा आणि तयार कापड पुन्हा व्यापाऱ्याचे. भिवंडी-मालेगावात मजुरीवर माग चालविणाऱ्यांना हा हिशेब नव्याने सांगायला नको. परंतु मुलांच्या हातातील चित्रकथांची पुस्तकेही अशाच रीतीने तयार होत आली, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. आम्ही मनोरीत राहून कापडाचा व्यापार करणारे. चित्रकला हा आमचा प्रांत नव्हे. तरीही ही हकीकत नक्षीकार, छपाईवाले व जरीवाले बांधवांच्या उपयोगाची आहे, म्हणून येथे देत आहोत.

या धंद्याची सुरुवात अमेरिकेत झाली. तेथे प्रारंभी वर्तमानपत्रांत छापून गेलेल्या चित्रमालिका गोळा करून पुस्तके काढीत. 1935 नंतर मागणी वाढली आणि जुना माल अपुरा पडू लागला. प्रकाशकांकडे भांडवल होते, चित्रकार नव्हते. ही गरज ओळखून न्यूयॉर्कमध्ये हॅरी चेस्लर, विल आयस्नर व जेरी आयगर, तसेच लॉइड जॅकेट यांनी चित्रांचे कारखानेच काढले. एकाने गोष्ट लिहायची, दुसऱ्याने पेन्सिलीने चित्र काढायचे, तिसऱ्याने शाई फिरवायची, चौथ्याने अक्षरे घालायची. तयार पाने प्रकाशकाला विकायची आणि कारागिराला त्याची मजुरी द्यायची. आपल्याकडे एक साडी जशी रंगारी, छापणारा व जरीवाला अशा अनेक हातांतून जाते, तसाच हा प्रकार.

माल वेळेवर मिळाला, शेकडो तरुणांना रोजगार मिळाला, हे खरे. मात्र पाने विकताना त्यांतील पात्रेही विकली जात. जॅकेट यांच्या ‘फनीज इनकॉर्पोरेटेड’ने 1939 मध्ये मार्टिन गुडमन या प्रकाशकाला एक पूर्ण अंक तयार करून दिला. त्यात कार्ल बर्गोस यांचा ‘ह्यूमन टॉर्च’ आणि बिल एव्हरेट यांचा ‘सब-मरिनर’ होता. गुडमन यांची तीच कंपनी पुढे ‘मार्व्हल’ झाली आणि 2009 मध्ये डिस्नेने ती सुमारे चार अब्ज डॉलरना घेतली.

कारखान्याबाहेरच्या चित्रकारांचीही गत निराळी नव्हती. सुपरमॅनचे जनक जेरी सीगल व जो शूस्टर यांनी मार्च 1938 मध्ये तेरा पानांचे 130 डॉलर घेतले आणि त्याच व्यवहारात सुपरमॅनचे सर्व हक्क लिहून दिले. कोर्टकचेऱ्यांत वर्षे गेली. 1975 मध्ये लोकलाजेस्तव कंपनीने त्यांना वर्षाकाठी प्रत्येकी 20,000 डॉलर देऊ केले आणि पुस्तकावर नाव पुन्हा घातले.

याउलट आयस्नर यांचे पाहा. स्वतः कारखाना चालविल्यामुळे मालकीची किंमत त्यांना कळत होती. आयगर यांच्याशी असलेली भागीदारी सोडून 1940 मध्ये त्यांनी ‘द स्पिरिट’ ही मालिका सुरू केली, तेव्हा पात्र आपले राहील असे आधीच ठरवून घेतले. महायुद्धात ते लष्करात गेले, चित्रे दुसऱ्यांनी काढली, तरी मालकी ढळली नाही. पुढे अनेक वर्षे ती मालिका पुन्हा पुन्हा छापली गेली. हुनर दोन्हीकडे होते. फरक कराराचा होता.

आपल्या महाराष्ट्रातही असे काम झाले. मुंबईच्या इंडिया बुक हाऊसने 1967 मध्ये अनंत पै यांच्या संपादनाखाली ‘अमर चित्र कथा’ सुरू केली. पै यांनी 1969 मध्ये ‘रंग रेखा फीचर्स’ ही चित्रकथा व व्यंगचित्रे पुरविणारी संस्था काढली; अशी संस्था देशात पहिलीच मानली जाते. ‘कृष्ण’ राम वाईरकर यांनी रेखाटले, ‘मीराबाई’ युसूफ लीन यांनी, तर अनेक पुस्तके पुण्याच्या प्रताप मुळीक यांनी. 1986 मध्ये दिल्लीच्या राज कॉमिक्सने ‘नागराज’ आणला, त्याची चित्रेही मुळीक यांचीच. पुढे काही अंकांवर कलानिर्देशन मुळीक यांचे आणि चित्रे चंदू यांची, असे छापलेले दिसते. म्हणजे उस्तादाच्या देखरेखीखाली शागीर्दाचे काम. निदान येथे दोघांची नावे छापली गेली, ही समाधानाची गोष्ट.

मात्र मालकीची वाट तीच. ‘टिंकल’ मासिकातील सुप्पंडीला वाईरकर यांनी चेहरा दिला. 2007 मध्ये अमर चित्र कथा व टिंकल नव्या कंपनीकडे गेली, तेव्हा सुप्पंडीही त्यांच्याबरोबर गेला.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत असताना केलेल्या कामाची मालकी, वेगळा करार नसल्यास, मालकाची. स्वतंत्र कारागिराने आपला हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी व सहीनिशी द्यावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. शिवाय हक्क विकल्यानंतरही हे काम माझे आहे असे सांगण्याचा कर्त्याचा अधिकार शिल्लक राहतो.

कापडवाल्यांनी मात्र 2000 च्या डिझाइन कायद्याकडे अधिक लक्ष द्यावे. नक्षी नोंदवण्याजोगी असून नोंदवली नाही आणि ती यंत्राने पन्नासहून अधिक नगांवर उतरली, तर तिच्यावरचा कॉपीराइट संपतो. आपल्या धंद्यात पन्नास नग म्हणजे सकाळचे काम! नोंदणी केल्यास दहा वर्षे, आणि वाढवून घेतल्यास आणखी पाच वर्षे संरक्षण मिळते. पण नोंदणीचा अर्ज माल बाजारात दाखवण्यापूर्वी करावा लागतो. तसेच मोबदला देऊन दुसऱ्याकडून नक्षी काढून घेतली, तर कायदा मालक मानतो तो पैसे देणाऱ्याला.

आमच्या ओळखीच्या एका नक्षीकाराने एक किनार काढून दिली. एकदाच पैसे मिळाले. किनार कित्येक हंगाम चालली. पुन्हा मागायला गेला तेव्हा व्यापाऱ्याने विचारले, कागद कुठे आहे? कागद नव्हता.

म्हणून कारागीर बांधवांनो, नक्षी देताना चार गोष्टी लिहून घ्या: नक्षी कायमची विकली की ठराविक मुदतीसाठी दिली, किती नगांसाठी दिली, जास्त नग निघाल्यास काय मिळेल आणि नाव कोणाचे लागेल. व्यापारी बांधवांनीही याला अविश्वास समजू नये. आज लिहून दिलेला कागद उद्या नकलेविरुद्ध तुमच्याच कामी येईल. व्यवहार चोख असेल तर उस्तादही टिकतो, दुकानही टिकते.