रोजचं कुतूहल : भांडी घासतानाच ओळ का सुचते?

कोरा कागद घेऊन तासभर बसलं तरी काही सुचत नाही. कढईचा जळका तळ घासायला घ्यावा, तर ओळ आपसूक येते. आणि नेमके तेव्हा हात साबणाने भरलेले असतात!

कढईला हात लागतात, डोकं फारसं लागत नाही. जोर लावून विचार करताना मेंदू दारावर कडक पहारा बसवतो. बिनकामाचं काही आत येऊ देत नाही. सवयीच्या कामात हा पहारेकरी पेंगतो आणि मेंदूतलं एक वेगळंच जाळं जागं होतं. मेंदूशास्त्रज्ञ मार्कस राइकल यांनी २००१ मध्ये त्याकडे लक्ष वेधलं. आठवणी, कल्पना, उद्याचे बेत यांची इथे ये-जा असते. त्या गर्दीत एखादी जुनी आठवण नव्या शब्दाला धडकते.

ताण आला की उलटं. लक्ष बॅटरीच्या झोतासारखं एकाच ठिकाणी खिळतं. वाघ मागे लागला असेल तर बरंच. कवितेला मात्र अंधुक उजेडच मानवतो.

जात्याची गोष्ट कढईहून न्यारी. त्याच्या फेऱ्यात ताल आयता मिळतो. लय हातांनी सांभाळली की डोक्याला फक्त शब्द शोधायचे उरतात. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. घरकाम आणि शेतीच्या रगाड्यात सुचलेली त्यांची गाणी इतरांनी उतरवून घेतली. संशोधक हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी तर गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या.

माझ्याकडे जातं नाही. ओट्याजवळ पेन्सिल ठेवते. ओल्या हाताने शाई फिसकटते.