पैनगंगेकाठचे लढवय्ये आणि त्यांची छायाचित्रे

हैदराबाद मुक्तिसंग्रामावर आपल्या भागात पुष्कळ लिहिले आणि बोलले गेले आहे. दरवर्षी 17 सप्टेंबरला झेंडावंदन होते, हुतात्म्यांची नावे घेतली जातात. परंतु हे लढवय्ये त्या वेळी दिसत कसे होते, असे कोणी विचारले तर काय दाखवायचे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा थोडा विचार करावयाचा आहे.

प्रथम छायाचित्रणाच्या तंत्राकडे पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास काचेच्या पट्टीवर ओले रसायन चढवून, ती वाळण्यापूर्वीच छायाचित्र घ्यावे लागे. समोरच्या माणसाला काही सेकंद निश्चल उभे राहावे लागे. धावणारा घोडा किंवा सुटणारी तोफ टिपणे अशक्यच होते. त्यामुळे फेलिस बिआटो याने 1858 मध्ये लखनौ येथे घेतलेल्या छायाचित्रांत लढाई नाही. लढाईनंतरच्या पडक्या भिंती आणि अस्थी आहेत. पुढे कोरड्या काचा आल्या, 1888 मध्ये कोडॅकचा गुंडाळीच्या फिल्मचा कॅमेरा आला आणि काम सोपे झाले.

हैदराबाद संस्थानात ही कला लवकर रुजली. राजा दीनदयाळ (1844–1905) हे सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार होते. दरबार, महाल, शिकारी आणि सैन्याच्या कवायती त्यांनी टिपल्या. म्हणजे सत्तेचे चित्र या राज्यात फार आधीपासून उपलब्ध आहे. सत्तेविरुद्ध उभे राहिलेल्यांचे चित्र मात्र शोधावे लागते.

येथे दूरच्या एका सीमेचे उदाहरण उपयोगी पडेल. 1910 मध्ये मेक्सिकोत क्रांती सुरू झाली. अमेरिकेच्या हद्दीतील एल पासो हे शहर नदीच्या एका काठावर आणि मेक्सिकोचे सिउदाद हुआरेझ दुसऱ्या काठावर. मे 1911 मध्ये हुआरेझची लढाई झाली तेव्हा एल पासोचे नागरिक घरांच्या छपरांवरून ती पाहत होते. तेथील वॉल्टर हॉर्न या छायाचित्रकाराने बंडखोरांच्या आणि सैनिकांच्या छायाचित्रांची पोस्टकार्डे काढून मोठा व्यापार केला. सेनानी पांचो व्हिया याने तर 1914 च्या जानेवारीत एका अमेरिकन चित्रपट कंपनीशी करारच केला. त्याला पैसा हवा होता आणि शेजारच्या देशात नावही हवे होते. त्यामुळे छातीवर काडतुसांचे पट्टे लावलेल्या त्या माणसांचे चेहरे आज जगाला ठाऊक आहेत.

आपल्याकडेही नदी होती आणि सीमाही होती. पैनगंगेच्या पलीकडे वऱ्हाड, म्हणजे 15 ऑगस्ट 1947 नंतरचा स्वतंत्र भारत; अलीकडे निजामाचे राज्य. आपले जवळा बाजार त्या वेळच्या परभणी जिल्ह्यात, म्हणजे अलीकडच्या बाजूस. स्टेट काँग्रेसने सरहद्दीबाहेर कॅम्प उभारले. त्यांपैकी यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेडचा कॅम्प आपल्या मुलखाला जवळचा. तेथून कार्यकर्ते नदी ओलांडून येत, करोडगिरी नाक्यांवर आणि पोलीस ठाण्यांवर हल्ले करीत आणि परत जात. हिंगोली–वाशीम रस्त्यावरील कन्हेरगावच्या नावामागे 'नाका' हा शब्द अजून लागलेला आहे, तो त्या जुन्या सरहद्दीची आठवण देतो.

मग या माणसांची छायाचित्रे एल पासोप्रमाणे गावोगाव का पसरली नाहीत? एक कारण उघड आहे. कॅमेरा महाग होता आणि खेड्यात तो नव्हताच. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे वाटते. व्हियाला प्रसिद्धीची गरज होती. नदी ओलांडून रात्री येणाऱ्या तरुणाला आपला चेहरा लपवायचा होता. त्याचे आईवडील, बायकामुले निजामी हद्दीतच राहत होती. त्याचे छायाचित्र पोलिसांच्या किंवा रझाकारांच्या हाती पडणे म्हणजे घराचा पत्ताच त्यांच्या हाती देणे. छायाचित्र नसणे हा त्या लढ्याच्या पद्धतीचाच एक भाग होता.

तरीही काही चित्रे आहेत. तेलंगणातील सशस्त्र शेतकरी लढ्याची छायाचित्रे सुनील जाना यांनी घेतली; बंदूक घेऊन उभ्या राहिलेल्या स्त्रियाही त्यांत दिसतात. 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि 17 तारखेला निजामाने हार मानली. दुसऱ्या दिवशी जनरल अल इद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली, त्या प्रसंगाचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. फेब्रुवारी 1949 मध्ये बेगमपेठ विमानतळावर सरदार पटेलांपुढे हात जोडून उभा असलेला निजामही सर्वांनी पाहिलेला आहे. म्हणजे सेनापती दिसतात, राजा दिसतो; नाका फोडणारा वसमत-औंढ्याकडचा तरुण दिसत नाही.

तो दिसतो तेव्हा म्हातारा झालेला असतो. 1972 मध्ये स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट दिले गेले, निवृत्तिवेतनाची योजना सुरू झाली. आपल्या घरांच्या भिंतींवर जी छायाचित्रे हार घालून लावलेली आहेत, ती बहुधा त्या काळातील किंवा त्यानंतरची. पांढरी टोपी, चष्मा, सुरकुतलेला चेहरा. ते पाहून हा लढा वृद्धांनी केला असे एखाद्या लहान मुलाला वाटले तर नवल नाही. वास्तविक त्यांतील अनेक जण तेव्हा आपल्या वर्गात बसणाऱ्या मुलांच्या वयाचे होते.

म्हणून जुन्या पेट्यांतून एखादे तरुणपणीचे छायाचित्र निघाले तर ते जपले पाहिजे आणि नीट वाचलेही पाहिजे. मागची बाजू आधी पाहावी. स्टुडिओचा शिक्का, तारीख किंवा एखादे नाव तेथे सापडते. पाठीमागे रंगवलेला पडदा असेल तर ते गावाबाहेर, शहरात काढलेले असणार. हाती बंदूक असेल तर ती भरमार आहे की पोलिसांची रायफल, हे विचारावे. छायाचित्र लढा चालू असताना घेतले की विजयानंतर हौसेने पुन्हा उभे राहून, हाही प्रश्न टाळू नये. दोन्हींना मोल आहे, पण ते निरनिराळे आहे.

लढ्यात भाग घेतलेले बहुतेक सर्व आता काळाच्या पडद्याआड गेले आहेत. चेहरा ओळखून नाव सांगू शकतील अशा मुली, सुना, धाकटे भाऊ अजून काही घरांत आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी सुटीत एकेक गाव वाटून घेतले, मूळ छायाचित्र घरीच ठेवून त्याची प्रत घेतली आणि मागे नाव, गाव, सांगणाऱ्याचे नाते एवढे लिहिले, तरी मोठे काम होईल. नाव गेले की चेहरा राहूनही माणूस हरवतो. पुढच्या 17 सप्टेंबरपूर्वी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात अशी पंचवीस छायाचित्रे नावांसह लागली, तर आपल्या भागाच्या इतिहासात तेवढी पाने नव्याने जोडली जातील.