कारखान्याच्या पाळ्या आणि गृहिणीची निद्रा

आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ होत, असे चरकाचार्य सांगतात. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण परिसरातील अनेक गृहिणींचा यांपैकी दुसरा स्तंभ, स्वतः कारखान्यात न जाताही, खचलेला आढळतो. पती दुसरी पाळी संपवून मध्यरात्री घरी येतो; मुलाच्या पहिल्या पाळीचा डबा पहाटे करावा लागतो. पंचेचाळिशीनंतर रजोनिवृत्तीच्या काळात अंगातून वाफा व रात्री घाम येऊन उरलेली निद्राही खंडित होते. रात्रिजागरणाने रूक्षता व वातवृद्धी होते. रुग्णा मात्र अंगमर्द, शिरःशूल, चिडचिड एवढेच सांगते.

म्हणून औषध लिहिण्यापूर्वी घरातील पाळ्यांच्या वेळा विचाराव्यात. जागरण झाले असता त्याच्या निम्मा काळ सकाळी, न जेवता झोपावे, असे वाग्भटाचार्य सांगतात. ही झोप आळस नव्हे, हे वैद्याने कुटुंबीयांस समजावून द्यावे. जोडीस पादाभ्यंग व पचत असल्यास म्हशीचे दूध योजावे.

घोरणे, झोपेत श्वास अडणे व दिवसा अनावर पेंग ही लक्षणे असल्यास मात्र विलंब न करता निद्रातपासणीस पाठवावे. रजोनिवृत्तीनंतर स्लीप अ‍ॅप्नियाचा धोका वाढतो. तेथे केवळ निद्राजनन औषधाने मूळ व्याधी झाकली जाते.